ब्रेनहॅमचे ज्युनिअर कॉलेज आणि २००९ चा हंगाम

कराडच्या एका वाचकांचे पत्र गेल्या अंकात छापून त्याचे उत्तर या अंकात देण्याचे आम्ही कबूल केले होते. दरम्यान त्याच विषयावर आणखी काही पत्रे आली. त्यामुळे या वेळचे सदर संपूर्णपणे टेक्सासमधील ब्लिन कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघाला आणि त्याच्या अनुषंगाने निघालेल्या प्रश्नांना दिले आहे.

प्रश्न : मी निवृत्त क्रीडाशिक्षक आहे. मुलीकडे ह्यूस्टनला गेलो असता जावयांनी आम्हाला ब्रेनहॅम नावाच्या गावी आइस्क्रीमचा कारखाना पाहायला नेले. परतताना वाटेत ब्लिन कॉलेज लागले. हे ज्युनिअर कॉलेज असून त्याच्या फुटबॉल संघाने २००९ साली राष्ट्रीय विजेतेपद मिळवले आणि त्या संघातील एक खेळाडू पुढे देशभर गाजला, असे जावयांनी सांगितले. मी तीस वर्षे अकरावी-बारावीच्या मुलांचे कबड्डी आणि खो-खोचे संघ घेऊन जिल्हा आणि विभागाच्या स्पर्धांना हिंडलो आहे. एवढ्याशा गावातील सतरा-अठरा वर्षांच्या मुलांना हे कसे जमले असेल, याचे कोडे मला अजून सुटलेले नाही. (एक वाचक, कराड)

उत्तर : आपल्या कोड्याचा निम्मा भाग ‘ज्युनिअर कॉलेज’ या शब्दातच आहे. आपल्याकडे दहावीनंतरच्या अकरावी-बारावीला आपण ज्युनिअर कॉलेज म्हणतो. अमेरिकेत बारावीपर्यंत शाळाच असते आणि ज्युनिअर कॉलेज त्यानंतर सुरू होते. पदवीच्या चार वर्षांपैकी पहिली दोन वर्षे तेथे पूर्ण करता येतात, त्याबद्दल ‘असोसिएट’ नावाची पदवी मिळते आणि विद्यार्थी नंतर एखाद्या विद्यापीठात थेट तिसऱ्या वर्षाला जाऊ शकतो. इलिनॉय राज्यातील जोलिएट येथे १९०१ मध्ये सुरू झालेले कॉलेज हे अशा सार्वजनिक कॉलेजांपैकी सर्वांत जुने मानले जाते. आज या संस्थांना बहुधा कम्युनिटी कॉलेज म्हणतात, पण खेळाच्या जगात जुनेच नाव टिकून आहे. तेव्हा आपण हिंडवलेल्या मुलांच्या वयाची मुले तेथे हायस्कूलमध्ये असतात. ब्लिनच्या संघातील मुले अठरा ते वीस-एकवीस वर्षांची, अंगाने भरलेली आणि बहुतेक जण एकदा कोठेतरी अडखळून आलेली होती.

ब्लिनची स्थापना १८८३ मध्ये मेथडिस्ट पंथाच्या लोकांनी केली आणि १९३७ मध्ये ते सार्वजनिक कॉलेज झाले. २०१० च्या जनगणनेत ब्रेनहॅमची लोकसंख्या सोळा हजारांच्याही आत होती, म्हणजे आपल्याकडील एखाद्या मोठ्या बाजारगावाएवढी. असे असूनही २००९ चे विजेतेपद हा काही मटका लागलेला नव्हता. या कॉलेजने त्यापूर्वी १९९५, १९९६ आणि २००६ मध्येही राष्ट्रीय विजेतेपद मिळवले होते. दोन वर्षांच्या बहुतेक कॉलेजांच्या खेळांचा कारभार नॅशनल ज्युनिअर कॉलेज अॅथलेटिक असोसिएशन ही स्वतंत्र संघटना पाहते आणि चार वर्षांच्या विद्यापीठांच्या संघटनेशी, म्हणजे एनसीएएशी, तिचा कारभार जोडलेला नाही. विजेतेपद राष्ट्रीय होते ते या संघटनेच्या पातळीवर, हे ध्यानात घ्यावे.

गाव लहान असले तरी खेळाडू गावचे नसतात, हे कोड्याचे दुसरे उत्तर. आपल्या जावयांनी सांगितलेला खेळाडू म्हणजे २००९ च्या संघाचा क्वार्टरबॅक (प्रत्येक चाल सुरू करणारा खेळाडू) कॅम न्यूटन. तो जॉर्जिया राज्यातील अटलांटा परिसरातला. तो फ्लोरिडा विद्यापीठ सोडून जानेवारी २००९ मध्ये ब्रेनहॅमला आला आणि एकच हंगाम खेळून गेला. प्रशिक्षक ब्रॅड फ्रँचियोनी यांच्या हाताखाली संघाने त्या हंगामात बारा सामने खेळले, त्यांतील अकरा जिंकले आणि एक गमावला. डिसेंबरमध्ये कॅन्सस राज्यातील पिट्सबर्ग येथे विजेतेपदाचा सामना झाला. प्रतिस्पर्धी होता कॅन्ससमधलाच फोर्ट स्कॉट कम्युनिटी कॉलेजचा संघ. ही दोन्ही गावे एकमेकांपासून तासाभराच्याही आतल्या अंतरावर असल्यामुळे सामना जवळजवळ फोर्ट स्कॉटच्या अंगणातच झाला म्हणायचा, तर ब्लिनची मुले टेक्सासहून आख्खे ओक्लाहोमा राज्य ओलांडून आलेली होती. ब्लिनने तो सामना ३१-२६ असा जिंकला. हरलेला संघही कच्चा नव्हता. त्याच्या बचाव फळीत लाव्हाँटे डेव्हिड होता, जो पुढे नेब्रास्का विद्यापीठाकडून खेळला आणि नंतर टॅम्पा बे या व्यावसायिक संघाबरोबर २०२१ चा सुपर बोल, म्हणजे व्यावसायिक फुटबॉलचा अंतिम सामना, जिंकला.

आपण क्रीडाशिक्षक असल्यामुळे एक गोष्ट आपल्याला विशेष जाणवेल असे वाटते. आपण आठवी-नववीतल्या पोराला हेरून ठेवत असाल, त्याच्या धाकट्या भावालाही ओळखत असाल आणि संघ तीन-चार वर्षांत आपोआप मुरत जात असेल. ज्युनिअर कॉलेजच्या प्रशिक्षकाला हे सुख नाही. तेथे खेळाडू जास्तीत जास्त दोन हंगाम राहतो, न्यूटनसारखा तर एकच. ऑगस्टमध्ये एकमेकांची नावेही नीट न येणारी मुले सरावाला उभी राहतात, नोव्हेंबरात त्यांना एका अंगाने हलता आले पाहिजे आणि पुढच्या वर्षी त्यांतली अर्धी मुले नसतात. त्यातही प्रत्येकाच्या मनात पुढच्या विद्यापीठाचे बोलावणे असते आणि ते बोलावणे संघाला येत नाही, एकेकट्याला येते. आपला खेळ चमकावा अशी इच्छा असणाऱ्या मुलांना शेजारच्यासाठी धक्के खायला लावणे हे या प्रशिक्षकांचे खरे काम आहे. हंगामाचे सगळे कौतुक क्वार्टरबॅकच्या वाट्याला जाते, पण त्याच्या पुढे पाच जण भिंतीसारखे उभे राहतात, आणि त्यांच्या हाती बहुधा चेंडू कधी येतच नाही. मला या हंगामात सर्वांत मोठी गोष्ट वाटते ती ही की निघून जाण्यासाठीच आलेल्या मुलांनी तीन-साडेतीन महिने एकमेकांसाठी मैदान धरून ठेवले.

प्रश्न : चेंडू हातात घेऊन पळायचे आणि खेळाला म्हणायचे फुटबॉल, हे मला समजत नाही. ३१-२६ असे गुण कसे होतात? शिवाय अकरा जणांच्या संघात एका क्वार्टरबॅकला एवढे महत्त्व का? (महाविद्यालयीन विद्यार्थी, नागपूर)

उत्तर : हा खेळ रग्बीच्या पोटातून निघाला आणि नाव तेवढे जुने राहिले. मैदान शंभर यार्डांचे असते आणि त्याच्या दोन्ही टोकांना दहा-दहा यार्डांचा पट्टा असतो. प्रतिस्पर्ध्याच्या पट्ट्यात चेंडू नेला की टचडाऊन होतो आणि त्याचे ६ गुण मिळतात. त्यानंतर चेंडू खांबांमधून लाथाडला तर आणखी १ गुण, किंवा पुन्हा एकदा पट्ट्यात नेला तर २ गुण मिळतात. टचडाऊनपर्यंत पोचता येत नसेल तर खांबांमधून चेंडू मारून ३ गुण घेता येतात, याला फील्ड गोल म्हणतात. विरोधकाला त्याच्याच पट्ट्यात चेंडूसकट पाडल्यास २ गुण मिळतात. चार टचडाऊन, चारही वेळा जादा गुण आणि एक फील्ड गोल मिळून ३१ होतात. हाच आकडा इतर मार्गांनीही होऊ शकतो. ३१-२६ या निकालात पाच गुणांचे अंतर आहे, आणि त्याचा अर्थ जाणकाराला लगेच कळतो. मागे पडलेल्या संघाला फील्ड गोल पुरेसा नव्हता, त्याला टचडाऊनच हवा होता. अशा वेळी पुढे असलेल्या संघाची बचाव फळी शेवटच्या शिट्टीपर्यंत पापणी लववू शकत नाही.

खेळाचा गाभा मात्र गुणांत नाही, दहा यार्डांत आहे. ज्याच्याकडे चेंडू आहे त्या संघाला दहा यार्ड पुढे सरकण्यासाठी चार संधी मिळतात. दहा यार्ड झाले की पुन्हा चार संधी, नाही झाले तर चेंडू समोरच्याला. हे दहा यार्ड मोजण्यासाठी मैदानाच्या कडेला दोन माणसे दोन काठ्या घेऊन उभी असतात आणि त्या काठ्यांमध्ये बरोबर दहा यार्डांची साखळी असते. चेंडू रेषेपर्यंत पोचला की नाही याबद्दल शंका आली, तर ही माणसे साखळी घेऊन मैदानात येतात, पंच ती ताणतात, आणि चेंडूचे टोक काठीच्या अलीकडे आहे की पलीकडे हे सगळे मैदान श्वास रोखून पाहते. चार बोटांच्या अंतरावर सामना फिरतो. आपल्याकडे खो-खोत खांबाजवळ पाय रेषेवर पडला की अलीकडे राहिला यावरून होणारा गलका ज्यांनी ऐकला आहे, त्यांना ही घडी अनोळखी वाटणार नाही.

आता क्वार्टरबॅकविषयी. प्रत्येक चाल त्याच्या हातातून सुरू होते. चेंडू फेकायचा, दुसऱ्याच्या हाती द्यायचा की स्वतः पळायचे, हा निर्णय त्याला दोन-तीन सेकंदांत घ्यावा लागतो. न्यूटन जवळजवळ साडेसहा फूट उंच, वजनाने पुढच्या फळीतल्या खेळाडूंना शोभेल असा, आणि तरीही वेगवान होता. अशा खेळाडूसाठी एक चाल फार उपयोगी पडते. क्वार्टरबॅक चेंडू आपल्या साथीदाराच्या पोटाशी नेतो, पण लगेच सोडत नाही. त्याची नजर बचाव फळीच्या टोकाला उभ्या असलेल्या एकाच माणसावर असते. तो माणूस साथीदाराच्या दिशेने आत झेपावला, तर क्वार्टरबॅक चेंडू ओढून घेतो आणि त्याने मोकळ्या सोडलेल्या जागेतून स्वतः पळतो. तो जागचा हलला नाही, तर चेंडू साथीदाराकडे जातो. बचाव करणाऱ्याने काहीही केले तरी त्याचे चुकतेच. कबड्डीत चढाई करणारा कोपऱ्यातल्या बचावपटूच्या पायावर नजर ठेवून आपली दिशा ठरवतो, तोच हा प्रकार आहे.

२००९ च्या हंगामात न्यूटनने पास देऊन २,८३३ यार्ड मिळवले, २२ टचडाऊन पासवर झाले आणि स्वतः पळून त्याने ६५५ यार्ड काढले. यार्डांचे मीटर केले तर बारा सामन्यांत संघ एकट्याच्या हातांनी आणि पायांनी तीन किलोमीटरहून अधिक पुढे सरकला. प्रत्येक पावलाला समोर अकरा जण अडवायला उभे असताना सरकलेले हे अंतर आहे.

प्रश्न : हा न्यूटन फ्लोरिडासारखे मोठे विद्यापीठ सोडून लहान गावात का गेला? त्याच्यावर चोरीचा आरोप होता, असे वाचनात आले. मग ज्युनिअर कॉलेज म्हणजे वाया गेलेल्या मुलांची धर्मशाळाच म्हणायची का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : आरोप होता, हे खरे आहे. नोव्हेंबर २००८ मध्ये चोरीच्या लॅपटॉपच्या प्रकरणात त्याला अटक झाली होती. न्यायालयाने घालून दिलेल्या अटी पूर्ण केल्यावर ते आरोप मागे घेण्यात आले. त्याच वेळी खेळातही त्याची वाट अडलेली होती. फ्लोरिडाचा क्वार्टरबॅक टिम टेबो हा २००७ चा हाइझमन पारितोषिक विजेता, म्हणजे त्या वर्षीचा देशातील सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडू होता, आणि तो आणखी एक वर्ष राहणार होता. न्यूटनला राखीव खेळाडूंच्या बाकावरून उठण्याची फारशी आशा नव्हती.

तो दुसऱ्या विद्यापीठात थेट का गेला नाही, या प्रश्नाचे उत्तर त्या काळच्या नियमात आहे. वरच्या श्रेणीतील एका विद्यापीठातून दुसऱ्यात गेलेल्या फुटबॉलपटूला तेव्हा एक वर्ष सामन्याबाहेर बसावे लागत असे. मध्ये ज्युनिअर कॉलेजात जाऊन तेथील अभ्यासक्रमाच्या अटी पूर्ण केल्या, तर ते वर्ष खेळण्यात जात असे आणि पुढच्या विद्यापीठात लगेच मैदानात उतरता येई. न्यूटनने हाच मार्ग घेतला. एकोणीस-वीस वर्षांच्या खेळाडूला बाकावर गेलेले वर्ष परत मिळत नसते.

पुढचे आपण वाचलेच असेल. २०१० मध्ये तो ऑबर्न विद्यापीठाकडून खेळला. त्या वर्षी ऑबर्नने चौदापैकी चौदा सामने जिंकले. अलाबामाविरुद्धच्या सामन्यात संघ ०-२४ असा मागे पडला असताना तेथून त्यांनी सामना २८-२७ असा फिरवला. डिसेंबरमध्ये न्यूटनला हाइझमन पारितोषिक मिळाले आणि १० जानेवारी २०११ रोजी ऑरेगॉनला २२-१९ असे हरवून ऑबर्नने विजेतेपद मिळवले. एप्रिलमध्ये व्यावसायिक संघांच्या निवडीत कॅरोलिना पँथर्सने त्याला सर्वांत पहिला उचलला. या वाटेवर एक डागही आहे आणि तो लपवणे योग्य नाही. न्यूटन ब्लिनमधून कोठे जाणार हे ठरत असताना त्याच्या वडिलांनी मिसिसिपी स्टेट विद्यापीठाशी संबंधित व्यक्तींकडे पैशांची मागणी केल्याचे एनसीएएच्या चौकशीत आढळले. खेळाडूला याची कल्पना असल्याचा पुरावा नाही, असे सांगून संघटनेने त्याला खेळण्याची मोकळीक दिली. इतक्या लहान वयाच्या मुलाभोवती किती मोठे हितसंबंध गोळा होतात, ते यावरून दिसते.

धर्मशाळा हा शब्द मात्र मला मान्य नाही. तेथे जाणारा प्रत्येक जण घसरलेला नसतो. कित्येकांना नुसतेच कोणी पाहिलेले नसते. ॲरन रॉजर्सचे उदाहरण घ्या. कॅलिफोर्नियातील चिकोचा हा मुलगा हायस्कूल संपले तेव्हा अंगाने लहानसर होता आणि वरच्या श्रेणीतील एकाही विद्यापीठाने त्याला शिष्यवृत्ती देऊ केली नाही. तो घराजवळच्या ब्यूट कॉलेजात गेला आणि २००२ च्या हंगामात संघाला अकरापैकी दहा विजय मिळवून दिले. कॅलिफोर्निया विद्यापीठाचे प्रशिक्षक जेफ टेडफोर्ड हे त्या संघातील दुसऱ्याच एका खेळाडूला पाहायला आले होते. त्यांची नजर रॉजर्सवर खिळली. हाच रॉजर्स ६ फेब्रुवारी २०११ रोजी ग्रीन बे पॅकर्सबरोबर सुपर बोल जिंकला आणि सामन्याचा मानकरी ठरला. न्यूटनच्या ऑबर्नच्या विजेतेपदानंतर तेव्हा अवघे सत्तावीस दिवस उलटले होते. देशातील महाविद्यालयीन आणि व्यावसायिक अशी दोन्ही विजेतेपदे एका महिन्याच्या आत ज्या दोन क्वार्टरबॅकनी मिळवली, ते दोघेही एकेकाळी ज्युनिअर कॉलेजच्या मैदानावर खेळलेले होते.

प्रश्न : आम्ही डॅलसजवळ राहतो. आमचा मुलगा बारावीत असून शाळेच्या फुटबॉल संघात आहे. विद्यापीठांकडून बोलावणे आले नाही, म्हणून तो ज्युनिअर कॉलेजात जाऊन खेळायचे म्हणतो. त्याचे बाबा म्हणतात की भारतात आजी-आजोबांना ‘कम्युनिटी कॉलेज’ हे नाव सांगताना लाज वाटेल. शिक्षणाचे नुकसान होणार नाही ना, ही माझी काळजी आहे. (एक आई, टेक्सास)

उत्तर : ताई, आधी लाजेचे बोलू. टेक्सासमधील किती तरी विद्यार्थी पहिली दोन वर्षे कम्युनिटी कॉलेजात करून मोठ्या विद्यापीठात जातात. ब्लिनचेच पाहा. त्याचे ब्रायन येथील संकुल टेक्सास ए अँड एम विद्यापीठाच्या शेजारी आहे आणि तेथून त्या विद्यापीठात जाण्याची वाट वर्षानुवर्षे वाहती आहे. शुल्क कमी लागते हे वेगळेच. आजी-आजोबांना ‘पदवीची पहिली दोन वर्षे’ असे सांगावे. ते अक्षरशः खरे आहे.

काळजी मात्र रास्त आहे आणि ती कोठे करायची तेही नेमके सांगता येते. एनसीएएच्या वरच्या दोन श्रेणींत खेळण्यासाठी हायस्कूलमध्ये ठरावीक सोळा मुख्य विषयांचे अभ्यासक्रम पूर्ण झालेले असावे लागतात. ते झाले आहेत की नाही, हे शाळेच्या समुपदेशकांकडून आताच तपासून घ्या. ज्यांचे हे राहून जाते, त्यांना पुढे ज्युनिअर कॉलेजची पदवी पूर्ण करूनच विद्यापीठात खेळता येते, आणि त्या मुलांची वाट फार चढाची होते. दुसरे असे की असोसिएट पदव्या सगळ्या सारख्या नसतात. कला किंवा विज्ञान शाखेची असोसिएट पदवी पुढे विद्यापीठात जाण्याच्या हेतूने आखलेली असते, तर ‘अप्लाइड सायन्स’ची पदवी मुख्यतः थेट नोकरीसाठी असते आणि तिचे सर्व श्रेयांक (क्रेडिट) विद्यापीठ धरेलच असे नाही. संघाच्या वेळापत्रकात सोयीचे बसते म्हणून मुले कोणतेही विषय घेतात आणि दोन वर्षांनी निम्मे श्रेयांक वाया गेलेले आढळतात. त्याला पुढे ज्या विद्यापीठात जावेसे वाटते, त्याची मान्य विषयांची यादी पहिल्याच सत्रात समोर ठेवून विषय निवडावेत. तिसरे म्हणजे शिष्यवृत्तीत राहणे-जेवणे किती धरले आहे आणि दुखापत झाल्यास खर्च कोण करणार, हे सही करण्यापूर्वी लेखी विचारावे. टेक्सासमधील ज्युनिअर कॉलेजे खेळाडूंना शिष्यवृत्ती देऊ शकतात. कॅलिफोर्नियात ती मुळीच मिळत नाही.

अभ्यासाकडे लक्ष देणारे माणूस त्या कॉलेजात कोण आहे, हे प्रशिक्षकाच्या विजयांपेक्षा आधी विचारा. मिसिसिपी राज्यातील स्कूबा या हजार वस्तीच्याही आतल्या खेड्यात ईस्ट मिसिसिपी कम्युनिटी कॉलेज आहे. त्याच्या संघाने २०११, २०१३, २०१४, २०१७ आणि २०१८ अशी पाच राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली. तेथील तेव्हाच्या शैक्षणिक समुपदेशक ब्रिटनी वॅग्नर यांच्याविषयी जगाला कळले ते एका माहितीपटामुळे. वर्गाला निघालेल्या अगडबंब खेळाडूला थांबवून त्या विचारायच्या, ‘पेन्सिल आहे का?’ नसेल तर स्वतः द्यायच्या. मला त्या माहितीपटातला हा प्रश्न सामन्यांपेक्षा जास्त आठवतो. विजेत्या संघाचा खेळाडू वर्गात न लिहिता बसला, तर त्याचे विजेतेपद त्याला स्कूबाच्या वेशीपलीकडे नेऊ शकत नव्हते. आपल्या मुलाला ज्या कॉलेजात घालायचे तेथे हा प्रश्न विचारणारे कोणी आहे का, ते प्रत्यक्ष जाऊन पाहा. आणि त्याला खेळू द्या. व्यावसायिक खेळाडू फार थोडे होतात, हे त्यालाही ठाऊक असणार. त्याने आपल्याकडे दोनच हंगाम मागितले आहेत.

प्रश्न : आता खेळाडू विद्यापीठ हवे तेव्हा बदलू शकतात, असे ऐकतो. मग या कॉलेजांचे महत्त्व संपले का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : न्यूटनला ज्या नियमामुळे ब्रेनहॅमची वाट धरावी लागली, तो नियम आता उरलेला नाही. बाहेर न बसता विद्यापीठ बदलण्याची मुभा २०२१ मध्ये एकदा आणि २०२४ पासून कितीही वेळा मिळाली. त्यामुळे बाकावर बसलेला मोठ्या विद्यापीठाचा खेळाडू आता थेट दुसऱ्या विद्यापीठात जातो आणि विद्यापीठांचे प्रशिक्षकही ज्युनिअर कॉलेजांपेक्षा आधी तिकडेच शोध घेतात. हे नुकसान खरे आहे. परंतु रॉजर्ससारख्या, कोणीच न पाहिलेल्या मुलाची वाट अजून तीच आहे, आणि त्याचे ताजे उदाहरण न्यू मेक्सिकोचे आहे.

आल्बुकर्कीचा डिएगो पाविया वरच्या श्रेणीतील विद्यापीठांकडून बोलावणे न आल्याने रॉसवेल येथील न्यू मेक्सिको मिलिटरी इन्स्टिट्यूटमध्ये गेला. तेथे विद्यार्थी गणवेशात, लष्करी शिस्तीत राहतात. १९६३ चा हाइझमन विजेता रॉजर स्टॉबॅक नौदल अकादमीत जाण्यापूर्वी वर्षभर याच संस्थेत होता. डिसेंबर २०२१ मध्ये पावियाच्या संघाने आयोवा वेस्टर्नला ३१-१३ असे हरवून ज्युनिअर कॉलेजांचे राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. पुढे तो न्यू मेक्सिको स्टेटकडून खेळला आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये त्या संघाने ऑबर्नला, न्यूटनच्याच ऑबर्नला, त्यांच्या मैदानावर ३१-१० असे हरवले. ऑक्टोबर २०२४ मध्ये व्हँडरबिल्ट विद्यापीठाकडून खेळताना त्याने तेव्हा देशात पहिल्या क्रमांकावर असलेल्या अलाबामाला ४०-३५ असे नमवले.

त्यानंतर तो न्यायालयात गेला. विद्यापीठात खेळण्यासाठी मिळणाऱ्या मोजक्या वर्षांत ज्युनिअर कॉलेजची वर्षेही धरली जातात, हे अन्यायाचे आहे, असे त्याचे म्हणणे होते. १८ डिसेंबर २०२४ रोजी नॅशव्हिलच्या संघीय न्यायालयाने त्याच्या बाजूने अंतरिम आदेश दिला आणि एनसीएएने त्याच्यासारख्या स्थितीतील इतर खेळाडूंनाही पुढच्या हंगामापुरती सवलत दिली. म्हणजे दोन वर्षांच्या कॉलेजातून आलेल्या मुलाने चार वर्षांच्या विद्यापीठांच्या नियमांनाच हात घातला. त्या वाढीव हंगामात, २०२५ मध्ये, व्हँडरबिल्टने इतिहासात प्रथमच दहा विजय मिळवले आणि पाविया हाइझमनच्या मतदानात दुसरा आला.

प्रश्न : मुलगा ऑस्टिनला असतो. आम्ही उभयता ऑक्टोबरमध्ये तिकडे जाणार आहोत. ज्युनिअर कॉलेजचा सामना पाहता येईल का आणि आमच्यासारख्यांना तो कळेल का? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : ऑक्टोबर म्हणजे ऐन हंगाम. सामने बहुधा शनिवारी होतात आणि ऑस्टिनहून ब्रेनहॅमला मोटारीने साधारण दोन तासांत जाता येते. वेळापत्रक कॉलेजच्या संकेतस्थळावर पाहून निघावे. ब्लिनचा संघ मोठ्या विद्यापीठांसारख्या लाखभर प्रेक्षकांच्या मैदानावर खेळत नाही. गावच्या हायस्कूलचे मैदान हेच त्याचे घरचे मैदान राहिलेले आहे. त्यामुळे हेल्मेटवर हेल्मेट आदळल्याचा आवाज, प्रशिक्षकाची हाक आणि पडलेल्या खेळाडूला हात देऊन उठवताना दुसरा काय बोलतो, हे सारे ऐकू येते. टेक्सासमध्ये मी असा एक सामना पाहिला, तेव्हा माझ्या शेजारी एका खेळाडूची आई रात्रभर गाडी चालवून आलेली होती, आणि मुलगा त्या दिवशी केवळ सात-आठ वेळा मैदानात उतरला. तो उतरला की ती उभी राहायची.

बसण्यासाठी मैदानाच्या मध्यावर, खालच्या पायऱ्यांवर जागा धरावी. चेंडू नजरेतून निसटला तरी बिघडत नाही, नवख्याच्या नजरेतून तो निसटतोच. साखळीच्या काठ्या धरलेल्या दोन माणसांवर लक्ष ठेवा. ती पुढे चालू लागली, तर चेंडू असलेला संघ जिंकतो आहे. ती जागीच थांबली, तर बचाव भारी पडतो आहे. आणि संध्याकाळी वारा सुटतो, तेव्हा वहिनींसाठी शाल बरोबर असू द्यावी.